आदर्श पाळी, एकोणीस डिसेंबर

स्टुडेनोवात्स, ९ जानेवारी
(गेटवरच्या फळ्यासाठी)

भट्टीत कोळसा ढकलणाऱ्यांनो, गरम पाण्याच्या पाइपांसाठी गुडघाभर चिखलात उतरणाऱ्यांनो, मीटर वाचायला गेल्यावर कुत्र्यांकडून आणि ग्राहकांकडून सारखंच स्वागत करून घेणाऱ्यांनो,

आपलं दुखणं एकच आहे. दर चार वर्षांनी नगरपालिकेत पक्ष बदलतो आणि आपल्या उष्णता केंद्राला नवा संचालक मिळतो. प्रत्येक जण येताना एक तक्ता आणतो. तक्त्यात चौकोन असतात, चौकोनांत आपण असतो. प्रत्येक जण म्हणतो, योग्य माणूस योग्य जागी. आजवर सात जण येऊन गेले. आधीचा माणूस त्या जागी का बसला होता, हे सातांतल्या एकानंही विचारलं नाही.

आठवे व्लादेता चिर्कोविच. जूनमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की यापुढे तोंडी काही चालणार नाही, सगळं लेखी. मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. आमच्या दोघांतलं सगळं लेखीच झालं, म्हणून आज ते या फळ्यावर लावता येतंय. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवल्या होत्या. सगळं वाचा. माझी चूक जिथे आहे तिथली ओळही मी खोडलेली नाही. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

स्तामेना प्रोकिच
एकतीस वर्षं तुमची कॉफीवाली


४ सप्टेंबर

श्रीमती प्रोकिच,

पुनर्रचनेच्या पहिल्या टप्प्यात केंद्रातील प्रत्येक पदाची उपयुक्तता तपासण्यात आली. 'कॉफी तयार करणारी' या पदाचा शहराला उष्णता पुरवण्याच्या मूळ कामाशी कोणताही संबंध आढळला नाही. कॉफीसाठी यंत्र बसवण्यात येत आहे. १ ऑक्टोबरपासून आपले पद रद्द होईल.

आपल्या निवृत्तिवेतनाला चौदा महिने कमी पडतात, याची मला कल्पना आहे. परंतु पदरचना माणसाकडे पाहून करता येत नाही. तसे केले तर ती रचना राहत नाही. व्हिएन्नात बारा वर्षे काम करताना मी एक गोष्ट शिकलो. बदलाची सुरुवात अशा ठिकाणापासून करावी, जिथे कामाला धक्का बसत नाही.

सोबतच्या यादीतील वस्तू भांडाराकडे जमा कराव्यात.

व्लादेता चिर्कोविच
संचालक


११ सप्टेंबर

मान्यवर संचालक,

कॉफी उकळायच्या तांब्याच्या दोन जेझ्वा, दळायची चक्की, सगळे कप आणि कपाटाची किल्ली आज जमा केली. जेझ्वाचा दांडा सैल आहे. यंत्राला दांडा नसतो, तेव्हा काळजी नको.

एक वस्तू तुमच्या यादीत नाही, पण केंद्राची आहे. निळी वही. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसातला मी ट्रे घेऊन फिरले, संचालकांच्या खोलीपासून भट्टीघरापर्यंत. कॉफी गार व्हायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात माणूस काय काय सांगतो, हे व्हिएन्नात शिकवत नसावेत. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची आई अंथरुणाला खिळली आहे, कुणाचा सण कधी, कुणाला रक्तदाब, ते सगळं वहीत आहे. पाळ्या लावायच्या असल्या की आधीचे संचालक मला बोलवायचे. तुमच्या आधीचे चौथे एकदा म्हणाले, "स्तामेना, खरं सांग, या केंद्रात पाळ्या तू लावतेस की मी?" मी म्हटलं, "साहेब, सही तुमचीच असते."

मी शाळा आठवीपर्यंत शिकले, पण तुमच्या आधीच्या सातही जणांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मी वाचली आहेत. सगळ्या क्रांत्यांत एक गोष्ट सारखी आहे. पहिल्या आठवड्यात ज्याला फालतू म्हणून हाकलतात, त्याला दुसऱ्या वर्षी शोधत फिरतात. मला शोधायला लागू नये म्हणून आत्ताच सांगते, वही घ्या आणि डिसेंबरच्या आधी वाचा.

स्तामेना प्रोकिच


१८ सप्टेंबर

श्रीमती प्रोकिच,

वस्तू मिळाल्या. यादीत नसलेली वस्तू स्वीकारता येत नाही. शिवाय कर्मचाऱ्यांचे आजार, भांडणे आणि सण यांची वही कार्यालयात ठेवणे खासगी माहितीच्या नियमात बसत नाही. वही आपल्याकडेच ठेवावी. हे लेखी कळवत आहे.

यापुढे पाळ्या वशिल्याने किंवा गप्पांवरून ठरणार नाहीत. मी सर्व भट्टीवाल्यांची लेखी परीक्षा घेतली. पहिले सहा जण मुख्य भट्टीवर राहतील, दोघांची एक अशा तीन तुकड्यांत. या सहांना मी 'आदर्श पाळी' असे नाव दिले आहे. बाकीचे मीटर वाचतील. योगायोग असा की सहाही जण एकाच गावचे, वरच्या बुक्वाचे निघाले. आडनावे वेगळी, परंतु कामाची पकड एकसारखी.

खरे सांगायचे तर, या सहांना भेटल्यावर जुनी ओळख असल्यासारखे वाटले. त्यांतला रादिशा मला म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आमच्यातलेच." मी कारण विचारले तर नुसता हसला. बारा वर्षांनी देशात परतलेल्या माणसाला असे शब्द ऐकून काय वाटते, ते आपल्याला कळेल.

व्लादेता चिर्कोविच


२ ऑक्टोबर

मान्यवर संचालक,

काल माझा रिकामपणाचा पहिला दिवस होता. साडेसातला हात आपोआप ट्रे शोधायला लागले. म्हणून आजपासून कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव लावायला जाते. तिथे पेन्शनचे महिने मोजले जात नाहीत, पण पाव गरम असतो.

त्या सहांना मुख्य भट्टीवर एकत्र ठेवू नका. पोरं सोन्यासारखी आहेत. बुक्वा हे वीटभट्टीचं गाव. तिथली मुलं चालायच्या आधी आग ओळखायला शिकतात. तरी मी त्यांना नेहमी वेगवेगळ्या पाळ्यांत विखरून ठेवलं. आडनावं वेगळी असली तरी ती सगळी एका कुळाची आहेत. आणि तुम्ही त्यांच्यातलेच, हे रादिशानं खरं सांगितलं. मला ते तुम्ही आलात त्या आठवड्यातच कळलं होतं.

कारण मात्र मी लेखी देणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात एक रिकामी खुर्ची आहे. या, बसा, कॉफी प्या आणि विचारा. एवढंच मागते.

स्तामेना प्रोकिच


२१ ऑक्टोबर

श्रीमती प्रोकिच,

आपले निमंत्रण मिळाले. हा दबाव आहे असे मी म्हणत नाही, परंतु दबावाला मी बळी पडत नाही हेही नोंदवून ठेवतो.

१५ ऑक्टोबरला शहरातील घराघरांतले रेडिएटर पहाटे ठरल्या वेळी गरम झाले. गेल्या अकरा वर्षांत असे प्रथमच घडले. महापौर आदर्श पाळीसोबत छायाचित्र काढून गेले. रजेसाठीही आता संगणकावर व्यवस्था केली आहे. ज्याला रजा हवी त्याने अर्ज भरावा, संगणक कायदा तपासतो, योग्य बदली माणूस शोधतो आणि मंजुरी माझ्यापुढे ठेवतो. मला विचारही करावा लागत नाही.

आपण मिलेताबद्दल हळव्या आहात, असे ऐकतो. तो तीस वर्षे भट्टीवर होता हे खरे. परंतु परीक्षेत 'भट्टीचा दाब अचानक वाढल्यास आपण काय कराल?' या प्रश्नाला त्याने दोन शब्दांत उत्तर लिहिले, 'मी उठतो.' अशा माणसाच्या हाती शहर देता येत नाही. तो आता तिसऱ्या वॉर्डात मीटर वाचतो.

व्लादेता चिर्कोविच


३ नोव्हेंबर

मान्यवर संचालक,

दाब वाढल्यावर काय करायचं यावर दोन पानं लिहिणारे पुष्कळ मिळतील. मिलेता उठतो. तीस वर्षांत तो अठरा वेळा उठला, म्हणून तुम्हाला आज परीक्षा घ्यायला केंद्र शिल्लक आहे.

संगणकाचं अभिनंदन. यापुढे मी काही सांगणार नाही. खुर्ची रिकामी आहे, थंडी पडायला लागली आहे. आपल्या दोघांतून कोण आधी बोलतं ते बघू.

स्तामेना प्रोकिच


२० डिसेंबर

श्रीमती प्रोकिच,

काल, १९ डिसेंबर रोजी, सकाळी पाच ते साडेदहापर्यंत शहराचा उष्णता पुरवठा बंद होता. बाहेरचे तापमान उणे तेरा अंश होते. चौकशीत असे आढळले की सकाळी दहाच्या सुमारास आपण, केंद्राच्या सेवेत नसताना, दोन मीटर वाचणाऱ्यांना घेऊन मुख्य भट्टीघरात प्रवेश केलात. गेटच्या नोंदवहीत पहारेकरी विदोये याने 'भेटीचे कारण' या रकान्यात 'कॉफी' असे लिहिले आहे.

याचे लेखी स्पष्टीकरण तीन दिवसांत द्यावे.

नोंदीसाठी: मी त्या दिवशी मंजूर रजेवर बेलग्रेडला माझ्या आईच्या घरी होतो. मंजुरी माझीच होती.

व्लादेता चिर्कोविच


२३ डिसेंबर

मान्यवर संचालक,

स्पष्टीकरण देते. तुम्हाला घाई असेल, पण हे सावकाश वाचा.

व्हिएन्नात विसरला असाल तर आठवण करून देते. आपल्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो. तो बापाकडून मुलाकडे येतो, कुळ एक तर संत एक. त्याच्या दिवसाला आपण स्लावा म्हणतो. त्या दिवशी दार उघडं असतं, बोलावणं कुणालाच जात नाही, आणि येणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. त्या दिवसाची रजा कायद्यानं मिळते, ती कुणी संचालकही अडवू शकत नाही. वरच्या बुक्वातल्या त्या अख्ख्या कुळाचा संत निकोला. एकोणीस डिसेंबर.

सहाही जणांनी अर्ज भरले. संगणकानं प्रत्येकाचा अर्ज वेगळा तपासला, प्रत्येकाला कायदेशीर ठरवलं आणि प्रत्येकासाठी योग्य बदली माणूस शोधला. योग्य माणसांच्या यादीत ते सहाच होते. सातवा अर्जही त्यानंच मंजूर केला. तुमचा. तुमच्याही घरचा संत निकोलाच. रादिशा का हसला होता, ते आता कळलं असेल.

त्या दिवशी सहाला उठून मी रेडिएटरला हात लावला. दगड. बेकरीत आले तर समोरच्या वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण पाव न्यायला आलेली. म्हणाली, "स्तामेना, म्हाताऱ्यांना कोट घालून पलंगावर बसवलंय. दोघींचे ओठ निळे पडलेत." मी केंद्रात फोन केला. कॉफीच्या यंत्राशेजारी जो फोन आहे, तो यंत्र कसं उचलणार.

बेकरीची व्हॅन घेतली आणि बुक्वाचा घाट चढले. बर्फामुळे पाऊण तासाच्या रस्त्याला दोन तास लागले. रादिशाच्या घरी पोचले तेव्हा पुजारी नुकताच गेला होता, मेणबत्ती लागली होती, टेबलावर नाताळाआधीच्या उपासाला चालणारे मासे आणि घेवडा. घरात पंचवीस माणसं. रादिशा हातात वाइनचा जग घेऊन उभा. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही.

"ये मावशी, ये. टोपी काढ, बस."

"रादिशा, शहरात भट्टी थंड आहे."

"थंड कशी असेल? माझ्या जागी टोमा आहे. कागदावर आहे. दाखवू?"

"टोमा शेजारच्या घरात तुझ्यासारखाच जग घेऊन उभा आहे. त्याच्या कागदावर तुझं नाव आहे."

त्यानं जग खाली ठेवला. एक जण म्हणाला, "व्वा, आदर्श." कुणी हसलं नाही. रादिशाच्या आईनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "दारात संत आहे, पंचवीस पाहुणे आहेत, आणि माझा मुलगा घर सोडून जाणार?" रादिशाचा चेहरा मला बघवेना.

टेबलाच्या टोकाला तुमचा मीटर वाचणारा मिलेता बसला होता. पाहुणा म्हणून आलेला. तोंडात घास होता. त्यानं घास गिळला, तोंड पुसलं आणि उठला.

उठला, म्हणजे उठलाच.

दुसरा माणूस हवा होता. सेकुला, तोही भट्टीवरून मीटरवर गेलेला, खिडकीपाशी होता. मिलेता दारूला शिवत नाही आणि सेकुलाला रक्तदाबामुळे ती चालत नाही, हे माझ्या वहीत होतं. म्हणून टेबलावरच्या पंचवीस जणांत पूर्ण शुद्धीवर असलेले ते दोघेच, हे मला दारातच माहीत होतं. उतारावर व्हॅन भरधाव आली. गेटवर विदोये म्हणाला, "मावशी, तुला आत सोडायचा नियम नाही. काय लिहू?" मी म्हटलं, "जे एकतीस वर्षं करायला येत होते ते लिही."

साडेदहाला पहिल्या इमारतीचे रेडिएटर टकटक वाजायला लागले. मिलेता म्हणाला, अजून दोन तास गेले असते तर वृद्धाश्रमाकडचा पाइप फुटला असता आणि मग जानेवारीपर्यंत ऊब नव्हती.

आता माझं. १९ डिसेंबर ही तारीख मी ऑक्टोबरमध्ये एका ओळीत लिहू शकले असते. लिहिली नाही. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात यावं, खुर्चीवर बसावं, विचारावं, ही माझी हौस. त्या हौसेपायी म्हाताऱ्या साडेपाच तास कोट घालून बसल्या. तुमच्या यंत्रानं अडवलेलं काम आणि माझ्या गर्वानं अडवलेलं काम यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

स्तामेना प्रोकिच


३ जानेवारी

श्रीमती प्रोकिच,

स्पष्टीकरण नोंदवण्यात आले. आपल्यावर कारवाई होणार नाही. नगरपालिकेला पाठवलेल्या अहवालात १९ डिसेंबरच्या घटनेचा उल्लेख 'आपत्कालीन यंत्रणेची यशस्वी चाचणी' असा करण्यात आला आहे.

या अनुभवातून शिकून 'कर्मचारी-समन्वय तज्ज्ञ' हे नवे पद निर्माण केले आहे. त्यासाठी विद्यापीठाची पदवी आणि परदेशी भाषा आवश्यक आहे. आपण अर्ज करू शकत नाही, याचे मला वाईट वाटते. तथापि, निळी वही केंद्राची मालमत्ता म्हणून आपण सुपूर्द केलीत, तर कॉफीच्या यंत्राची देखभाल करण्यासाठी आपल्याला चौदा महिन्यांचा करार देता येईल. नव्या तज्ज्ञाला वही लागेल. १३ तारखेला, सोमवारी, मी नव्या पाळ्या जाहीर करत आहे.

व्लादेता चिर्कोविच

(खाली पेननं:) त्या दिवशी मी आईच्या घरी पाहुण्यांना वाइन वाढत उभा होतो. दुपारी बातम्या लागल्या. आई म्हणाली, "तुझं गाव गारठलंय आणि तू इथे?" मी म्हणालो, "माझी रजा मंजूर आहे." तिने माझ्या हातातून जग काढून घेतला. हे अहवालात नाही.


९ जानेवारी
(याच फळ्यावर, सर्वांसाठी)

संचालकांच्या शेवटच्या पत्राचं उत्तर मी त्यांना वेगळं देणार नाही. हेच उत्तर.

चौदा महिने मला हवे आहेत. खोटं कशाला बोलू, रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. वही दिली असती तर ते मिळाले असते आणि जे यंत्र माझ्या जागी आलं, त्याला मी रोज पुसत बसले असते. ते मला हसत हसत करता आलं असतं. पण मग वही एका ड्रॉवरमधून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये गेली असती. आधी कॉफीवालीच्या, मग पदवीवाल्याच्या. सात संचालक माझ्यावर अवलंबून राहिले याचा मला अभिमान होता. आता लाज वाटते. तुमचं आयुष्य मी एकतीस वर्षं माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं, आणि मी कपाटासकट बाहेर गेले तेव्हा शहर थंड पडलं.

एका गोष्टीत संचालक बरोबर होते. कुणाची भांडणं, कुणाचे आजार हे कार्यालयात ठेवायची गोष्ट नाही. ती पानं काल मी फाडून माझ्या चुलीत घातली. सेकुला, वरच्या पत्रात तुझा रक्तदाब आला, माफ कर; वहीतला मात्र गेला. यापुढचं तू सांगशील त्यालाच कळेल.

उरलेली पानं कोरी आहेत. प्रत्येकावर फक्त एक तारीख आहे, सेंट ल्यूकपासून सेंट जॉर्जपर्यंत, उष्णतेच्या हंगामातल्या सगळ्या संतांच्या तारखा. वही आजपासून विदोयेच्या खिडकीत, साखळीला बांधून ठेवली आहे. जो कोणी पाळ्या लावेल, तज्ज्ञ असो, संगणक असो की नववा संचालक असो, त्याला आधी त्या खिडकीपाशी यावं लागेल.

भट्टीवाल्यांनो, पाइपवाल्यांनो, मीटरवाल्यांनो, तुम्हाला कुणी विचारत नाही ही तक्रार मी एकतीस वर्षं ऐकली आणि ट्रेवर ठेवून पुढच्या खोलीत नेली. आता ट्रे नाही. सोमवारी पाळ्या लागणार आहेत. उद्या, शुक्रवारी, दुपारी दोनला पाळी बदलताना खिडकीपाशी थांबा आणि आपल्या घरच्या संताच्या तारखेखाली आपलं नाव आपल्या हातानं लिहा.

एकोणीस डिसेंबरच्या पानावर पहिली ओळ कुणी लिहू नका. ती संचालक चिर्कोविच यांची आहे. रांगेत त्यांच्यासाठी जागा ठेवा. पेन विदोयेकडे आहे.